हळद न लागलेल्या जागी

१

हळदीचं गाणं मधेच तुटलं.

लिंबागणेशच्या त्या मांडवात चैत्राचं ऊन कापडातून गाळून खाली उतरत होतं, आणि चंद्रभागाबाई, गावातली थोरल्या गळ्याची सवाष्ण, आंब्याच्या पानानं नवरीला हळद लावत गात होती:

हळद लागली पायाला, पाय झाले गं पिवळे
मायबाईच्या डोळ्यांत, पाणी कुणाला कळे

पुढची ओळ आलीच नाही. पाटावरची नवरी, वैष्णवी, एकदम उठून उभी राहिली होती. आधी तिनं मान चोळली, मग खांदे, मग दोन्ही दंड नखांनी असे ओरबाडायला लागली की चुड्यातल्या दोन हिरव्या बांगड्या फुटून पाटावर पडल्या. बाया मागं सरकल्या. कुणी म्हणालं मुंगी चावली, कुणी म्हणालं दृष्ट लागली. आणि मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू एका पितळी वाटीकडं वळल्या.

ती वाटी राजनंदिनीच्या हातात होती. नवरदेव अंगदची ती चुलत बहीण आणि या लग्नातली करवली. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडं पोचवायचा मान तिचा. घटकाभरापूर्वी शाळेतल्या जानवशातून, वाजंत्री पुढं आणि आपण मागं, तिनंच ती हळद मिरवत आणली होती. तीच हळद अंगदला लागली तेव्हा तो मजेत बत्तासे खात बसला होता.

गावातल्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं. फरक पडला नाही. पुन्हा एक दिलं, तरी वैष्णवीची नखं थांबेनात. डॉक्टर बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाले की औषधाला दाद देत नाही म्हणजे कातडीचा जुनाच काही विकार असावा. हा हलका आवाज डॉक्टरांच्या आधी जानवशात पोचला.

आणि जानवशातून आले अमरसिंह. अंगदचे वडील, दिंद्रुडकडचे पुढारी. ते माईक नसला तरी माईक असल्यासारखं बोलत.

"अंगरोगी पोरगी आमच्या गळ्यात बांधायला निघालते का?" त्यांनी भर मांडवात विचारलं. "आमी काय आंधळे हावत?"

वैष्णवीची आई वच्छलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वडील जाऊन तीन वर्षं झालेली. लग्नाचा सगळा भार वैष्णवीचे मामा बद्रीनाथ यांनी उचललेला. ते खाली बघत राहिले.

अमरसिंहांनी वऱ्हाडाला निरोप धाडला: जेवायला बसू नका, गाड्या वळवून ठेवा.

राजनंदिनी वाटी घेऊनच त्यांच्या पुढ्यात गेली. म्हणाली, काका, हळद माझ्या हातानं आली, तेव्हा दोष आधी माझ्यावर येतो. मला शोधू द्या.

"शोध की," अमरसिंह म्हणाले. "पुण्याला जाऊन मोठी शास्त्रज्ञ झालीस ना? गोरज मुहूर्ताच्या आत सांग. न्हाई तर वऱ्हाड माघारी, आन ही सोयरीक तिथंच संपली."

सोयरीक मोडली असती तर अंगदला दुसरी मुलगी मिळाली असती. वैष्णवीला मात्र या जिल्ह्यात आयुष्यभर एकच नाव राहिलं असतं, आणि ते आत्ताच मांडवभर झालं होतं.

२

आतल्या खोलीत वैष्णवी भिंतीला पाठ घासत बसली होती. पिवळं पातळ काढून ओसरीवर टाकलेलं. अंगावर साधा झगा. डोळे रडून नव्हे, रागानं लाल.

"ताई, मला साधी घामोळीबी कधी उठली न्हाई," ती म्हणाली. "कुणाला कावून खरं वाटत न्हाई?"

"मला वाटतंय. पाय दाखव."

पायांवर हळदीचा जाड थर होता, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. हळद पायापासून वर लावतात, तेव्हा सगळ्यात जास्त हळद इथं. आणि पाय एकदम शांत. लालीचा ठिपका नाही. मग राजनंदिनीनं तिची मान बघितली. तिथं, केसांच्या खाली, हळदीचं बोटही लागलं नव्हतं, आणि तिथंच कातडीवर नांगरट झाल्यासारख्या रेघा उठल्या होत्या. उजवा खांदा वाईट, डावा त्यामानानं बरा.

म्हणजे हळद सुटली. राजनंदिनीही सुटली. पण तिला स्वतःच्या सुटकेचं काही वाटलं नाही. उलट छाती धडधडायला लागली, परीक्षेत नेमका अभ्यास केलेला प्रश्न आल्यावर धडधडते तशी.

बाहेर बायांनी तोवर दुसरी आरोपी धरली होती. बीडहून आलेली करिष्मा, नवरीला सजवणारी. हिच्या डब्यातल्या लेपानंच घात केला म्हणून तिला घेरून उभ्या होत्या. करिष्मा रडत नव्हती, भांडत होती. तिचं म्हणणं, हाच लेप ती रोज स्वतःच्या तोंडाला लावते, आणि बायांनी तिच्या तोंडाकडं बघावं. बायांचं म्हणणं, तोंडाकडं बघूनच संशय आला.

राजनंदिनीनं विचारलं, लेप कुठं लावला होतास? फक्त चेहऱ्याला. चेहरा तर कानाजवळचा भाग सोडला तर स्वच्छ होता. करिष्माही सुटली, आणि जाता जाता दोन बायांना चांगलंच सुनावून गेली.

हळद जिथं लागली तिथं खाज नाही. लेप जिथं लागला तिथं खाज नाही. खाज नेमकी तिथं, जिथं कुणीच काही लावलं नव्हतं.

आणि ते इंजेक्शन. डॉक्टरांना त्यात रोग दिसला, कारण खाजेचा एकच रस्ता त्यांना ओळखीचा होता. राजनंदिनी पुण्यातल्या प्रयोगशाळेत गेली सहा वर्षं खाजेच्या दुसऱ्या रस्त्यावरच उभी होती. आपल्या नसांच्या टोकांवर बारीक कुलपं असतात. बहुतेक कुलपांना किल्ली बाहेरून येऊन लागते. पण एका जातीच्या कुलपाची किल्ली त्याच्याच पोटात शिवून ठेवलेली असते. कात्रीसारखं एखादं प्रथिन येतं, वरची शिवण कापतं, आणि आतली किल्ली आपोआप फिरते. त्या कात्रीला प्रोटिएज म्हणतात, कुलपाला रिसेप्टर. हीच कुलपं रक्ताच्या कणांवर असतात आणि जखम झाली की रक्त थिजवतात. नको त्या जागी थिजवलं की माणूस जातो. हीच श्वासनळीत असतात, आणि घरातल्या धुळीतले किडे आपली कात्री चालवून दमा उठवतात. सुजलेल्या सांध्यातही हीच. आणि कातडीत ती उघडली की खाज उठते, अशी खाज की जिच्या वाटेवर ते इंजेक्शन उभंच नसतं.

तिला आता फक्त कात्री शोधायची होती.

३

चंद्रभागाबाई मांडवाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात पदराखाली. राजनंदिनी शेजारी जाऊन बसली, गाण्याचं कौतुक केलं, पुढची ओवी कुठली होती ते विचारलं. म्हातारी मोजकं बोलली. हळद लावताना पान होतं ना हातात, असं विचारल्यावर मान हलवली. पण बोलताना पदर सारखा हलत होता, आत उंदीर शिरल्यासारखा.

"आज्जी," राजनंदिनी हळूच म्हणाली, "हात बाहेर काढा. मी कुणाला सांगत नाही."

म्हातारीनं इकडंतिकडं बघितलं. मग पदर सारला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल ओरखडे.

"सांगू नको माय," ती कुजबुजली. "नवरीचा रोग लागला म्हणतेल. मला कुणी हळदीला बोलवायचं न्हाई पुन्हा."

राजनंदिनीनं मान वर करून मांडवात नजर फिरवली, आणि आता तिला जे दिसलं ते सकाळपासून सगळ्यांच्या समोर होतं. हळदीला नवरीभोवती बसलेल्या पाच सवाष्णी, पाचांचे हात पदराखाली. ज्या रोगाच्या भीतीनं त्या गप्प होत्या, तो रोग त्यांच्या गप्प राहण्यानंच खरा ठरत होता. एकीनंही तोंड उघडलं असतं तर डॉक्टरांनी जुना विकार म्हटलंच नसतं.

पण पाचांना लागलं, मग मागच्या रांगांतल्या कुणालाच कसं नाही? पाटाच्या जवळ असं काय होतं?

ती वच्छलाबाईकडं गेली. सकाळपासून या बाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. नवरा नसलेली बाई, म्हणून लेकीच्या हळदीला हात लावायचा नाही, पाटाजवळ यायचं नाही. दारातून बघायचं. ही रीत कुणी तिला सांगितली नव्हती. तीच आपली आपण दारात जाऊन उभी राहिली होती.

"मावशी, तुम्हाला दारातून काय दिसलं?"

वच्छलाबाईनं आधी मांडवाकडं बघितलं. मग म्हणाली, "हसू नका ताई. बद्रीनं पंखा लावला, पोरीला गरम व्हायलंय म्हणून. तवा उन्हाच्या तिरपीत वरून सोन्यावानी काइतरी झिरमिर झिरमिर पडायलं तिच्या मानेवर. मला वाटलं, तिचे बाप वरून अक्षदा टाकायलेत."

राजनंदिनी हसली नाही. तिनं त्या बाईचा हात घट्ट धरला, मग सोडला, आणि जवळजवळ पळतच मांडवात गेली.

पाटाजवळ उभं राहून तिनं वर बघितलं.

४

आजकाल मांडव कापडाचा असतो, भाड्याचा. पण रीत मोडू नये म्हणून नवरीच्या पाटावर तेवढ्या आंब्याच्या, जांभळीच्या, उंबराच्या डहाळ्या बांधतात. हे मांडवडहाळे वाजतगाजत आणायचा मान यंदा बद्रीनाथमामांचा होता. काल अंधार पडल्यावर ट्रॅक्टरवर उभं राहून ते डोंगराकडून आले होते, बायांनी ट्रॅक्टरच्या चाकावर पाणी घातलं होतं, मामांना कुंकू लावलं होतं.

आंबा होता. जांभूळ होतं. उंबराच्या जागी रिकामी सुतळी लोंबत होती.

सुतळी सुटली नव्हती. कापली होती, आणि काप ताजा होता. उजव्या हाताला मंडपवाल्याचा उंच पंखा, तोंड बरोबर त्या रिकाम्या जागेकडं.

बद्रीनाथमामा मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. राजनंदिनीनं पाणी मागितलं. त्यांनी तांब्या भरून पुढं केला. सकाळी डहाळे बांधताना त्यांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा होता. आता रणरणत्या दुपारी पूर्ण बाह्यांचा, मनगटापर्यंत गुंड्या लावलेला. तांब्या देताना बाही जरा वर सरकली. हाताच्या केसांत काहीतरी हिरवट, वाळलेलं अडकलं होतं. आणि वास आला, ओळखीचा, गोठ्याचा.

"मामा, लग्नाच्या दिवशी अंगाला शेण?"

मामांनी बाही खाली ओढली.

"डोंगराकडची माणसं खाजकुयली लागली की शेण चोळतात," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांनी डॉक्टर गाठला, दृष्ट काढली. शेण फक्त तुम्ही चोळलं. काय लागलंय हे या मांडवात एकट्या तुम्हाला माहीत होतं."

मामा टाकीच्या कठड्यावर बसले. मग सगळं आलं, अडखळत. अंधारात उंबर तोडला, त्यावर वाळलेला वेल चढलेला होता ते दिसलं नाही. सकाळी पंखा लावला आणि पोरगी उठली, तेव्हा वर बघितलं तर मखमली शेंगा उकलून लटकलेल्या. गडबडीत सगळे पोरीमागं आत गेले, तेवढ्यात कापून घेतला आणि चुलाणात घातला. मानाचे डहाळे मामानं आणले आणि त्यातूनच भाचीला बाधलं, हा अपशकुन लोकांनी जन्मभर सांगितला असता. तासाभरात खाज उतरंल, कुणाला कळायचं न्हाई, असं वाटलं. आणि मग अमरसिंहांनी तो शब्द काढला.

"तवा बोलायला पायजे होतं," मामा म्हणाले. "जीभच उचलली न्हाई. ताई, माझं नाव घेऊ नका."

"नाव मला लागत नाही," राजनंदिनी म्हणाली. "पण तुमची भाची आत बसलीय, मामा, आणि तिचं नाव सगळे घ्यायलेत."

शाळेच्या बाजूनं गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. पाठोपाठ दुसरं.

५

वेल जळून गेला होता. पण पिवळं पातळ ओसरीवर तसंच पडलं होतं, आणि पदरावर उन्हात धरल्यावर शेंगांवरची बारीक सोनेरी कुसं चमकत होती. राजनंदिनी तेवढं घेऊन रस्त्यावर गेली, पहिल्या गाडीच्या पुढं उभी राहिली, आणि अमरसिंहांना खाली उतरवलं. त्यांनी पदर बघितला आणि म्हणाले, हे सुताचे धागे हायत, आमाला शेंबड्या पोरावानी समजू नको.

"मग सिद्ध करून दाखवते. सगळ्यांसमोर."

ते बोलत होते एवढ्यात गर्दी मागून फाटली. शेताच्या बांधावरून, एका हातात लिंबू खोचलेली कट्यार, अंगावर वाळलेली हळद, चपला धुळीनं भरलेल्या, असा नवरदेव आला. हळद लागलेल्या नवरदेवानं जानवसा सोडायचा नसतो. अंगदनं सोडला होता.

"माझा मोबाईल तुमच्या खिशात हाय, दादा," तो वडिलांना म्हणाला. "म्हणून पायी यावं लागलं."

तिथून सगळे मांडवात आले. राजनंदिनीनं कात्री मागितली. हळदीचं पातळ कापायचं, या कल्पनेनंच बाया चरकल्या. वच्छलाबाई आत गेली, कात्री घेऊन आली, आणि कुणाला न विचारता तिनंच पदराचे दोन तुकडे कापले.

एक तुकडा राजनंदिनीनं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातला, डबा कुकरमध्ये ठेवला आणि गॅस मोठा केला. वरण शिजतं तसा, पाणी न लागता, नुसत्या वाफेच्या आचेनं. दुसरा तुकडा तसाच, न शिजवता, दुसऱ्या डब्यात, वर ताट झाकून. मांडवात दोनशे माणसं कुकरच्या शिट्ट्या ऐकत उभी होती. एक म्हातारा म्हणाला, लग्नात बुंदी मिळंल वाटलं होतं, इथं पातळ शिजवायलेत. हसायचं की नाही ते कुणाला कळेना.

शिट्ट्या होत होत्या तोवर तिनं सांगितलं. या कुसांच्या आत एक कात्री असते. ती कातडीतलं कुलूप कापते म्हणून खाज उठते. पण ती कात्री प्रथिनाची आहे. अंडं एकदा शिजलं की पुन्हा कच्चं होत नाही, तशी शिजलेली कात्री पुन्हा कापत नाही. पातळ तेच, धागे तेच, हळद तीच. नुसते धागे असतील तर दोन्ही तुकडे सारखेच वागतील. रोग असेल, तर तो नवरीच्या अंगात आहे, कापडात नाही. तेव्हाही दोन्ही सारखेच वागतील.

"आन लावायचं कुणाच्या अंगाला?" अमरसिंहांनी विचारलं.

अंगदनं कट्यार खुर्चीवर ठेवली आणि दोन्ही बाह्या वर केल्या.

६

करिष्मानं त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला. तुकडे निवाल्यावर राजनंदिनीनं एक त्याच्या उजव्या हातावर चोळला, एक डाव्या हातावर. कुठला कुठं, ते तिनं आधी अमरसिंहांच्याच कानात सांगून ठेवलं होतं.

क्षणभर काही झालं नाही. मग अंगदची डावी बोटं हलली. त्यानं ओठ दाबले. खांदा आखडला. आणि मग, दोनशे माणसांच्या देखत, नवरदेव डावा हात असा खाजवायला लागला की पंचा डोळ्यांवरून घसरला. उजवा हात गप्प होता.

सगळ्यांनी अमरसिंहांकडं बघितलं.

"डावाच," ते म्हणाले, एवढंच.

तेव्हा चंद्रभागाबाईनं दोन्ही हात पदरातून काढले आणि वर केले. तिच्या शेजारणीनं काढले. मग तिसरीनं. कुणी हसायला लागलं, कुणी रडायला, आणि पाचही जणी इतका वेळ दाबून धरलेली खाज मोकळेपणानं खाजवायला लागल्या.

त्या गोंगाटात माईक खरखरला. निवेदकाच्या हातून तो बद्रीनाथमामांनी घेतला होता. सकाळपासून त्यावर फक्त आलेल्या पाहुण्यांची नावं पुकारली गेली होती.

"खाजकुयलीचा वेल मी आणला," मामा म्हणाले. "चुकून आणला. पण लपवला मुद्दाम. पोरीत काई न्हाई. जे हाय ते माझ्यात हाय."

एवढं बोलून ते तिथंच उभे राहिले, माईक खाली न ठेवता, जणू पुढं काय करायचं ते कुणीतरी सांगावं.

आत राजनंदिनी आहेराच्या खोक्यांवरची चिकटपट्टी घेऊन बसली होती. पट्टी मानेवर दाबायची, ओढायची, कुसं निघून येतात. करिष्मा एकेक पट्टी फाडून देत होती. वैष्णवीचा श्वास हळूहळू लांब व्हायला लागला. मग करिष्मानं तिला शालू नेसवला. बाहेर अमरसिंहांचा आवाज आला, मुहूर्त टळायलाय, नवरीला आणा, झालं गेलं सोडा.

वैष्णवी उठून दारात गेली. दारातूनच म्हणाली, आणि माईकची गरज पडली नाही:

"आदुगर एक सांगा. खाजवायला तुमचा पोरगाबी लागला. मग ह्यो रोग कुणाच्या घराण्यातला?"

अंगद खाजवायचा थांबला आणि पहिल्यांदा हसला. राजनंदिनीला वाटलं, काका आता गाडीत बसणार.

अमरसिंहांनी लोकांकडं बघितलं, मुलाच्या लालभडक हाताकडं बघितलं. मग जाऊन बद्रीनाथमामांच्या हातातला माईक घेतला.

"सूनबाई," ते म्हणाले, आणि थांबले. बोलायची सवय असलेला माणूस, पण हे वाक्य त्यांच्या सवयीतलं नव्हतं. "मी भर मांडवात बोललो. भर मांडवातच माघारी घेतो. माझं चुकलं."

"मला ऐकू आलं," वैष्णवी म्हणाली. मग मामांकडं वळली. "मामा, तिथं काय उभे राहिले? बोहल्यावर न्यायचं तुमालाच हाय. आन आई, तूबी ये. दारात न्हाई, माझ्या संगं."

वच्छलाबाई उंबऱ्याशी घुटमळली. मांडवात एखादी बाई काही म्हणेल म्हणून राजनंदिनी वाट बघत राहिली. कुणी काही म्हणालं नाही.

मामांनी एक हात धरला, आईनं दुसरा. करिष्मानं घाईनं शालूचा पदर वर ओढून मानेवरच्या रेघा झाकायला घेतला. वैष्णवीनं तो तिच्या हातातून सोडवला, खांद्यावर मागं टाकला, आणि तशीच, लाल मान ताठ ठेवून, भर मांडवातून चालत गेली.